पोरगं सांगणार नाही, एक डोळा झाकून आपणच बघायचं

मुलाला कमी दिसतंय हे मुलाच्या तोंडून कळेल म्हणून वाट बघत बसू नका, कळणार नाही. मी देवगड तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते आणि अनुभव असा की ज्या पोराला फळा धूसर दिसतो तेच पोर विचारल्यावर सगळ्यात आधी "दिसता बाई" म्हणून मोकळं होतं. ते खोटं बोलत नसतं. त्याला समजायला लागल्यापासून जग तसंच दिसतंय, माडाची झावळी त्याला पाती-पातीने सुटी कधी दिसलेलीच नाही, वर एक हिरवा गोळा दिसतो आणि त्याला वाटतं सगळ्यांना माड असाच दिसतो. मग तक्रार कसली करणार.

तर ओळखायचं ते वागण्यावरून. टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसणं, डोळे बारीक करून बघणं, वही नाकाला लावून लिहिणं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बाहेर पण लक्ष ठेवा. स्टँडवर एसटी आत वळली की बाकीची पोरं लांबूनच पाटी वाचून ओरडतात "कणकवली, कणकवली", आणि आपलं पोर गाडी समोर येऊन उभी राहीपर्यंत गप्प. कैऱ्या पाडायला सगळे दगड मारतायत आणि हा खाली उभा राहून नुसतं वेचायचं काम अंगावर घेतो. खाडीत होडी दिसली की कोणाची होडी ते बाकीचे लगेच सांगतात, हा सगळ्यांचं ऐकून मग सांगतो. क्रिकेटमध्ये कॅच सोडतो म्हणून त्याला कायम लांब कुठेतरी झाडाकडे उभा करतात, आणि मग तो म्हणतो मला क्रिकेट आवडतच नाही. अशी दोन-चार लक्षणं एका पोरात दिसली की मला शंका येतेच.

आता एक युक्ती सांगते जी कुठल्याही आईवडिलांना घरबसल्या जमेल. मुलाची वही उघडा. बाईंनी तोंडी सांगून लिहून घेतलेलं शुद्धलेखन एकीकडे आणि फळ्यावरून उतरवून घेतलेलं एकीकडे, दोन्ही शेजारी ठेवून बघा. तोंडी सांगितलेलं बऱ्यापैकी बरोबर आणि फळ्यावरून उतरवलेल्यात घ चा ध, भ चा म, ब चा व, गणितात ३ चा ८, ओळीच्या ओळी गाळलेल्या असतील, तर प्रश्न बहुतेक अक्कलेचा नाही, डोळ्याचा आहे. दोन्हीकडे सारख्याच चुका असतील तर कारण दुसरं असू शकतं, तरी डोळे तपासून घ्यायचेच. मी हे वर्गात करते, दहा मिनिटांत कळतं. नाहीतर "लक्ष नाही", "आळशी आहे", "ढ आहे" हे शिक्के मारायला आपण सगळेच तयार असतो.

आणि पालक काय करतात, येऊन सांगतात "बाई त्याला जरा पुढच्या बाकावर बसवा". बसवते मी, पण पुढचा बाक म्हणजे उपचार नव्हे. उलट पुढे बसवलं की पोराचं भागतं, मार्क जरा सुधारतात, सगळे खूश आणि डोळा तपासायचा राहूनच जातो. डॉक्टरची तारीख ठरेपर्यंतच पुढे बसवा.

वर जे सांगितलं ते मायनस नंबरचं, म्हणजे लांबचं दिसत नाही त्याचं. प्लस नंबरवालं पोर वेगळं वागतं आणि ते पकडायला कठीण. त्याला लांबची पाटी मस्त वाचता येते, पण अभ्यासाला बसलं की थोड्या वेळात डोकं दुखतं, डोळ्यातून पाणी येतं, वाचताना ओळ सुटते, आणि खेळायला सोडलं की डोकं दुखायचं थांबतं. घरच्यांना वाटतं नाटकं करतंय. नाटकं करणारी पोरं असतातच, नाही म्हणत नाही, पण प्लस नंबर असला की जवळचं बघायला डोळ्याला सतत जोर लावावा लागतो आणि त्याने खरंच डोकं दुखतं. काहींचा जवळ बघताना एक डोळा नाकाकडे वळतो, विशेषतः दमल्यावर संध्याकाळी. लहान बाळाचे डोळे सुरुवातीचे काही महिने इकडेतिकडे फिरतात ते चालतं, पण शाळेत जाणाऱ्या पोराचा डोळा तिरळा होत असेल तर "मोठा झाला की जाईल", "लकी असतं" असलं काही ऐकू नका, दाखवा.

पण मला मुख्य सांगायचंय ते तिसऱ्याच पोराबद्दल. याला वरची एकपण खूण नसते. हा पाटी वाचतो, कॅच पकडतो, पहिल्या पाचात येतो, कारण याचा एक डोळा चांगला आहे. दुसऱ्याला खूप कमी दिसतं, कदाचित मोठा नंबर आहे त्यात, पण दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सगळं काम ओढून नेतो आणि मेंदू कमजोर डोळ्याकडून येणारं चित्र घेणंच बंद करतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो, लाल नाही, पाणी नाही, तिरळा पण असेलच असं नाही. आणि गंमत म्हणजे नुसता चष्मा उशिरा लावून तो डोळा सुधारेल असं नसतं, कारण तोवर मेंदूला त्या डोळ्याने बघायची सवयच लागलेली नसते. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक वेळ पट्टी, एवढ्यावर बरंच काही परत मिळतं. त्यानंतर पण डॉक्टर प्रयत्न करतात, काहींना फायदा होतो, पण वेळ जास्त लागतो आणि खात्री कमी. हा डोळा बऱ्याचदा कधी सापडतो माहितीय, अठराव्या वर्षी पोलीस भरतीच्या नाहीतर कुठल्यातरी मेडिकलला. म्हणून एक-एक डोळा झाकून बघायचंच, पोरगं कितीही हुशार असू दे.

कसं बघायचं ते सांगते, नीट वाचा. आलेख कागद घ्या, त्यावर इंग्रजीतलं ई अक्षर काढा, म्हणजे एक उभी दांडी आणि तिला तीन आडवे दात. उंची १५ मिलिमीटर, रुंदी १५ मिलिमीटर, दांडी आणि दात ३ मिलिमीटर जाड, मधल्या दोन फटी पण ३ मिलिमीटरच्या. चौकोन मोजून काळ्या स्केचपेनने भरलं की बरोबर येतं. मग कापून चौकोनी पुठ्ठ्याच्या मधोमध चिकटवा. पुठ्ठा फिरवला की दात कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पोराने फक्त हाताने दाखवायचं दात कुठे आहेत ते, त्यामुळे वाचता न येणाऱ्या बालवाडीतल्या पोराला पण जमतं.

हे माप मी मनाने ठरवलेलं नाही. डॉक्टरकडे जो अक्षरांचा तक्ता असतो तो स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरने १८६२ मध्ये काढला, त्यात ६ मीटरवरून निरोगी डोळ्याला जेमतेम वाचता येईल ते अक्षर साधारण पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं, त्यालाच ६/६ म्हणतात. आपलं अक्षर त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट आहे. म्हणजे आपण सूट देऊनच बघतोय, एवढं मोठं पण दिसलं नाही तर मग उगाच पुढे ढकलायचं कारण नाही.

६ मीटर म्हणजे २० फूट, टेपने मोजा, पावलं मोजू नका. खळ्यात सावलीत उत्तम, भर उजेड पाहिजे पण ऊन कार्डावर चमकायला नको. पडवीत नको, पावसात तर नकोच, मळभ असलं की पडवीत दुपारी पण अंधार असतो आणि चांगल्या डोळ्याचं पोर पण नापास होईल. दोन मोठी माणसं लागतात, एक कार्ड धरायला आणि एक पोराच्या बाजूला. बाजूचं माणूस फार महत्त्वाचं, कारण पोरं बोटांच्या फटीतून बघतात. लबाडी म्हणून नाही, त्यांना वाटतं परीक्षा आहे आणि पास व्हायचंय. म्हणून हाताने डोळा झाकायला लावूच नका, मी वाढायचा डाव देते धरायला, पोरं हसतात आणि खेळ समजून नीट करतात. फक्त डाव डोळ्यावर दाबायचा नाही, आतला डोळा पण उघडाच ठेवायचा, दाबलेल्या डोळ्याला नंतर थोडा वेळ अंधुक दिसतं आणि मग त्या डोळ्याची पाळी आली की गोंधळ होतो.

आधी जवळून खेळ समजावून सांगा, मग लांब जाऊन दोन्ही डोळे उघडे ठेवून एकदा, मग उजवा झाकून, मग डावा झाकून. दर वेळी कार्ड पाठीमागे नेऊन फिरवायचं आणि पाच वेळा दाखवायचं. पाचातले चार बरोबर तर ठीक. चष्मा असेल तर चष्म्यासकट. आणि नुसते मार्क मोजू नका, पोराकडे बघा. एका डोळ्याने पटापट सांगतंय आणि दुसऱ्याची पाळी आली की मान वाकडी करून डावाच्या बाजूने बघायला लागतं, डाव खाली घेतं, डोळे चोळतं, एकदम "माका भूक लागली" सुरू होतं, तर समजा की झाकलाय तो चांगला डोळा आहे आणि उघडा आहे तो कमजोर. अशा वेळी अंदाजाने पाचातले चार आले तरी डॉक्टरकडे न्यायचं. आणि हो, या खेळात पास झालं म्हणजे सगळं ठीक असंही नाही, प्लस नंबरवालं पोर यात बरेचदा आरामात पास होतं, त्याचं डोकं दुखत असेल तर तेवढ्यावरच दाखवा.

शाळेत तपासणी होते की, असं म्हणाल. होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या कोकणातल्याच पालघरमधून सुरू झाला, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी असते आणि त्यात डोळे पण बघतात. चांगलं काम आहे. पण एका दिवसात अख्खी शाळा बघायची असते, आणि नेमकं त्या दिवशी आपलं पोर मामाकडे गेलेलं असलं की वर्ष गेलं. टीम येऊन गेली की मुलाला चिठ्ठी दिली का ते विचारा, दप्तराच्या तळाशी चुरगळलेली सापडेल. ती घेऊन ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जायचं, नेत्रचिकित्सा अधिकारी कुठल्या वारी असतात ते आधी फोन करून विचारून घ्या म्हणजे फेरी फुकट जात नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्यातून शाळेतल्या मुलांना चष्मे मोफत द्यायची सोय आहे, मागायला लाजू नका.

चष्म्याच्या दुकानात नुसतं कॉम्प्युटरवर बघून नंबर काढून आणू नका, निदान पहिल्यांदा तरी नको. मोठ्यांचं चालून जातं, पोरांचं नाही. पोरांच्या डोळ्यातले स्नायू इतके तरतरीत असतात की मशीनमध्ये बघताना ते नकळत जोर लावतात आणि मायनस नंबर आहे त्याहून जास्त येतो, नाहीतर प्लस नंबर लपून जातो. म्हणून डॉक्टर थेंब घालून स्नायू ढिले करतात आणि मग तपासतात. त्या थेंबांनी बाहुली मोठी होते, उजेड सहन होत नाही आणि जवळचं वाचता येत नाही, काही थेंबांचा असर दिवसभर राहतो, अॅट्रोपीनचा आठवडा-दोन आठवडे पण राहू शकतो. तर चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी नेऊ नका, येताना टोपी घाला, आणि शाळेत बाईंना सांगून ठेवा. अॅट्रोपीन घातल्यावर पोराचं तोंड लालबुंद झालं, ताप आला किंवा ते विचित्र बडबडायला लागलं तर पुढचा थेंब न घालता आधी डॉक्टरला फोन.

चष्मा लागलाच तर प्लास्टिकची फ्रेम घ्या, आपल्याकडे खाऱ्या हवेत बारीक स्क्रू गंजतात. काचा न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या मागा. फ्रेम नाकावरून घसरत असेल तर पोर वरून बघतं आणि चष्मा नुसता शोभेचा होतो. रेती लागलेला चष्मा शर्टाने पुसायचा नाही, आधी पाण्याखाली धरायचा, हे पहिल्याच दिवशी शिकवा. पोरांचा नंबर बदलतो, डॉक्टर सांगतील तसं सहा महिन्यांनी किंवा वर्षाने परत दाखवायचं.

मग सुरू होतात वाडीतले सल्ले. "मासे खाणाऱ्याक चष्मो लागणा नाय" हा पहिला. मासे खा, शेवग्याचा पाला खा, हापूस खा, पपई खा, अ जीवनसत्त्वाने रातांधळेपणा टळतो हे खरंच आहे. पण नंबर येतो तो डोळ्याचा गोळा थोडा लांब किंवा आखूड असल्यामुळे, बांगडा खाऊन गोळ्याची लांबी बदलत नाही. दुसरा सल्ला, चष्मा लावला की नंबर वाढतो. नंबर वाढतो कारण पोर वाढतंय, उंचीबरोबर डोळा पण वाढतो, चष्मा न लावता ठेवलं तरी वाढणारच, फक्त मधली वर्षं पोराला दिसणार नाही. तिसरा सल्ला मुलींसाठी राखून ठेवलेला असतो, "पोरीक चष्मो इलो तर लगीन कसा जमतला". यावर मी काही बोलत नाही, बोलले तर भांडण होईल. मध, तूप, एरंडेल, कुठल्या झाडाचा चीक, यातलं काहीही डोळ्यात घालायचं नाही.

एक मात्र खरं आहे, रोज दोनेक तास बाहेर उजेडात खेळणाऱ्या मुलांना मायनस नंबर लागायचं प्रमाण कमी असतं. आपल्याकडे अंगण, समुद्र सगळं असून पोरं कोपऱ्यात मोबाईल धरून बसतात, पावसाचे चार महिने तर विचारूच नका. उघडीप मिळाली की बाहेर हाकला. नंबर भराभर वाढत असेल तर ती वाढ कमी करायला अगदी कमी ताकदीचे थेंब असतात, ते आपल्या पोराला चालतील का हे डॉक्टरलाच विचारा.

नंबराशी संबंध नसलेल्या दोन-तीन गोष्टी पण बघून ठेवा. दिवेलागणीला पोर अडखळतं, पायरी चुकतं, अंधारात बाहेर जायला नको म्हणतं तर ते नुसतं भुतांना घाबरत नसेल, रातांधळेपणा असू शकतो. तो दर वेळी खाण्यातल्या कमतरतेचाच असतो असं नाही, डोळ्याच्या पडद्याचे काही आजार घराण्यातून येतात, जवळच्या नात्यात लग्नं झालेली असतील तर ते डॉक्टरला मोकळेपणाने सांगा. दुसरं, रंग. पिकलेला आंबा नि हिरवा आंबा ढिगातून वेगळा करता येत नाही, चित्रात पानं तपकिरी रंगवतो, असं बहुतेक मुलग्यांतच दिसतं. याला औषध नाही आणि रोजच्या जगण्यात फार अडत पण नाही, पण आपल्याकडची पोरं मर्चंट नेव्हीत जायची स्वप्नं बघतात आणि तिथे रंगांची तपासणी असते, ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे ओळखायला लावतात. कोर्सची लाखभर फी भरायच्या आधी कळलेलं बरं. तिसरं, खाज. उन्हाळ्यात काही पोरं डोळे चोळून चोळून लाल करतात, ती अॅलर्जी असते, आणि लोक मेडिकलमधून मागच्या वर्षीचेच थेंब परत आणतात. त्यात स्टेरॉईड असलं आणि ते महिनोन् महिने घातलं तर काचबिंदू होतो, मोतीबिंदू होतो, खाज बरी आणि नजर गेली. चिठ्ठीशिवाय थेंब नकोत.

आणि काही गोष्टींना कार्ड, खेळ, पुढची तारीख काहीच नाही, त्याच दिवशी निघायचं. बाहुलीत पांढरट चमक दिसली, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्यात लाल ठिपका आणि दुसऱ्यात पांढरा आला, डोळा अचानक तिरळा झाला, एकाचे दोन दिसायला लागले, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होते, गलोलीचा दगड किंवा गळ डोळ्याला लागला. गळ रुतला असेल तर ओढून काढू नका, डोळा चोळू नका, वरून दाब न देता कागदी कप उलटा धरून झाका आणि न्या. आजीच्या पानाच्या डब्यातली चुन्याची पुडी पोराने दाबली आणि चुना डोळ्यात उडाला तर मात्र आधी घरातच पाणी, पोराचं डोकं आडवं करून पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार अर्धा तास सोडायची, पापणीखाली अडकलेले चुन्याचे कण ओल्या कापसाने काढायचे, पोर कितीही किंचाळलं तरी थांबायचं नाही, आणि हे चालू असतानाच दुसऱ्या कोणीतरी रिक्षा बोलवायची.